कुटुंबासाठीं वापरलेली लहान डिझेल मोटार : निवड व पारख

बैल घ्यावयाचा असला म्हणजे आमचा शेतकरी घोडेगांवच्या बाजारांत सकाळपासून हिंडतो. दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, वशिंडावर हात फिरवितो, चार पावलें चालवून बघतो, आणि सर्व मनास आलें तरच इसार देतो. तोच शेतकरी बैलजोडीहून महाग अशी जुनी मोटार मात्र तिचा रंग पाहून व विकणाराच्या दोन गोड शब्दांवर विसंबून अर्ध्या तासांत घरीं आणतो. हें आम्ही दुसऱ्यास नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. आम्हींही हेंच केलें व त्याचें फळ भोगलें. तें प्रथम सांगून मग निवडीची रीत क्रमानें मांडावी असा विचार आहे.

तहसील कचेरींत अव्वल कारकून म्हणून आमची नोकरी पुरी झाली, त्याच सुमारास सौभाग्यवतींस मूत्रपिंडाचा विकार जडला. आठवड्यांतून दोन वेळां डायालिसिससाठीं नगरास नेणें भाग पडलें. गांवापासून नगर बेचाळीस किलोमीटर. दवाखान्याची वेळ व एस. टी.ची वेळ जुळेना, आणि परत येतांना त्यांस उभें राहवत नसे. भाड्याची गाडी दर वेळीं परवडेना. म्हणून निवृत्तीच्या रकमेंतून दोन लक्ष दहा हजार रुपये देऊन एक जुनी डिझेल मोटार घेतली. गाडी चालण्यांत वाईट नव्हती. परंतु तिसऱ्या महिन्यांत कर्ज देणाऱ्या एका कंपनीचीं माणसें दारांत आलीं व गाडी घेऊन गेलीं. पूर्वीच्या मालकाचें कर्ज फिटलेलें नव्हतें, आणि तशी नोंद नोंदणीपुस्तकावर स्पष्ट छापलेली होती. तीस वर्षें लोकांच्या सातबाऱ्यावर बोजा चढविण्या-उतरविण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांनीं स्वतःच्या गाडीच्या कागदावरील एक ओळ वाचली नाहीं! त्या आठवड्यांत डायालिसिसची एक पाळी चुकली व सौभाग्यवतींस चार दिवस दवाखान्यांत ठेवावें लागलें. विकणाऱ्याचा पत्ता लागला नाहीं. शेवटीं अडतीस हजार रुपये आम्हींच भरून गाडी सोडविली.

पैशाचें दुःख विसरतां येतें; त्या चार दिवसांचें विसरतां येत नाहीं. म्हणून पुढील गोष्टी लक्षपूर्वक वाचाव्या, अशी वाचकांस विनंति आहे.

१. गरज आधीं, गाडी मागून

डिझेलची गाडी स्वस्त पडते ही समजूत आपल्याकडे पक्की आहे; पण ती सर्वांच्या बाबतींत खरी नाहीं. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात कीं ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत तेल सोडलें कीं तें आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं असें इंजिन यशस्वी करून दाखविलें, आणि विहिरीवरचें डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतें. दाब अधिक असल्यानें तेवढ्याच तेलांत काम अधिक होतें. शिवाय एका लिटर डिझेलमध्यें पेट्रोलपेक्षां उष्णताही थोडी जास्त असते. म्हणून गाडी एका लिटरांत जास्त लांब जाते.

परंतु जास्त दाब सोसण्यासाठीं इंजिन जड व महाग करावें लागतें, व दुरुस्तीही महाग पडते. पूर्वी डिझेल व पेट्रोल यांच्या दरांत फार मोठें अंतर होतें, तेव्हां हा जादा खर्च सहज भरून निघे. २०१४ च्या ऑक्टोबरांत सरकारनें डिझेलच्या दरावरील नियंत्रण काढलें, व तें अंतर कमी झालें. म्हणून आतां अंदाजावर न जातां हिशेब मांडावा. आम्हीं मांडला तो असा :

हिशेबापुरतें पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये लिटर धरलें. जुनी लहान पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर व डिझेल गाडी १९ किलोमीटर जाते असें धरलें.
पेट्रोलचा खर्च दर किलोमीटरास : ६ रुपये ९३ पैसे.
डिझेलचा खर्च दर किलोमीटरास : ४ रुपये ७९ पैसे.
बचत दर किलोमीटरास : २ रुपये १४ पैसे.

आतां उलट बाजू. तशाच वयाची डिझेल गाडी ६०,००० रुपयांनीं महाग मिळाली व ती पांच वर्षें वापरावयाची, तर वर्षाचे १२,००० रुपये झाले. दुरुस्तीचा जादा खर्च वर्षास ८,००० रुपये धरावा. एकूण २०,००० रुपये. या रकमेस २ रुपये १४ पैशांनीं भागलें असतां सुमारें ९,३०० किलोमीटर येतात. म्हणजे वर्षास ९,३०० किलोमीटरांहून, अर्थात् महिन्यास सुमारें पावणेआठशें किलोमीटरांहून, अधिक फिरणें असेल तरच डिझेल फायद्याचें. आमचें दवाखान्याचें जाणें-येणेंच आठवड्यास १६८ किलोमीटर, वर्षास ८,७३६. त्यांत मुलीचें सासर व इतर फिरणें धरून दहा हजार ओलांडतात. म्हणून आमच्यापुरती डिझेल गाडी योग्य ठरली, तीही थोडक्यानें.

ज्यांचें फिरणें गांवांतून बाजारापर्यंत व महिन्यांतून एकदां शिर्डी किंवा शिंगणापूर एवढेंच आहे, त्यांनीं पेट्रोलची, अथवा जवळ गॅसपंप असल्यास सी. एन. जी.ची गाडी घ्यावी. दर बदलले म्हणजे उत्तर बदलेल. म्हणून प्रत्येकानें आपल्या पंपावरील त्या दिवसाचा दर घालून हाच हिशेब पुन्हां मांडावा. आणि विकणारा जें ‘ॲव्हरेज’ सांगतो तें हिशेबांत धरूं नये. कारखान्याचे आंकडे ठराविक चाचणींत निघतात. आपले रस्ते, आपला भार व आपला पाय निराळा असतो.

२. बाजारांत काय आहे

१ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज सहा’ हा धुराचा कडक नियम लागू झाला. लहान डिझेल इंजिनास धूर गाळण्याचीं महाग यंत्रें बसविणें परवडेना, म्हणून मारुतीनें त्या वेळीं डिझेल मोटारी बंद केल्या व इतर बहुतेक कारखान्यांनींही लहान डिझेल गाड्या सोडल्या. यास्तव लहान डिझेल मोटार शोधणारास मुख्यतः २०२० पूर्वीच्या वापरलेल्या गाड्यांतूनच निवड करावी लागते.

यांपैकीं एका इंजिनाचें जन्मस्थान आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्यापाशींच आहे. नगरहून पुण्यास जातांना शिरूर ओलांडलें कीं रांजणगांवचें औद्योगिक क्षेत्र लागतें. तेथील फियाटच्या कारखान्यांत १२४८ घनसेंटिमीटरचें ‘मल्टिजेट’ इंजिन तयार होत असे. तें फियाटच्या पुंटो व लिनिआ या गाड्यांत आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टा वगैरे गाड्यांत बसे. हेंच इंजिन परवान्यानें हरयाणांतील मानेसर येथें बनून मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर व रिट्झ या गाड्यांत जात असे. इतक्या गाड्यांत एकच इंजिन असल्यामुळें त्याचे सुटे भाग व तें जाणणारे मेस्त्री तालुक्याच्या गांवींही मिळतात. जुन्या गाडीच्या बाबतींत हा गुण सर्वांत मोठा समजावा.

टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरांत बाजारांत आली. तिचें जुनें १४०५ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन साधें व आडगांवच्या मेस्त्रीसही समजणारें. पण त्या गाड्या आतां फार जुन्या झाल्या, व पुष्कळशा भाड्यानें चाललेल्या असतात. ह्युंदाईच्या ग्रँड आय-टेन व आय-ट्वेंटी यांच्या डिझेल गाड्या चालीस मऊ आहेत. त्यांचें कौशल्याचें काम जाणणारा माणूस जवळ आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें.

कांहीं गाड्या आश्चर्य वाटेल इतक्या स्वस्त मिळतात. त्याचें कारण बहुधा असें असतें कीं तो कारखाना देशांतून निघून गेलेला असतो. शेव्हरोलेटची विक्री २०१७ सालीं थांबली. फोर्डनें २०२१ सालीं येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. या गाड्या वाईट नव्हेत. परंतु एखादा दिवा, काच वा दार मोडलें तर तें मिळविण्यास किती दिवस लागतील, आणि तितके दिवस आपली निकड थांबेल काय, हा प्रश्न घेणारानें स्वतःस विचारावा. ज्याच्या घरीं आजारी माणूस आहे त्यानें त्या स्वस्ताईच्या मोहांत पडूं नये.

२०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठीं गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग वेगानें चालवावी लागते. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते, व ती बदलणें फार खर्चाचें काम आहे.

३. वय व परप्रांतीय गाडी

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षें वाढते, व त्या वेळीं फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. २०१२ सालीं नोंदलेली गाडी २०२७ सालीं पंधरा वर्षांची होते. म्हणून गाडीचें वय तिच्या रंगावरून न मोजतां नोंदणीच्या तारखेवरून मोजावें, व आपणांस ती जितकीं वर्षें वापरावयाची तितकीं वर्षें शिल्लक आहेत काय, हें पाहावें.

दिल्ली व आसपासच्या प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी घातली, व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. त्यामुळें तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर प्रांतांत विकल्या गेल्या. अशी गाडी दिसण्यांत चांगली व किंमतींत स्वस्त असते. परंतु तिला तेथील कचेरीचें ना-हरकत पत्र लागतें, आणि महाराष्ट्राचा कर भरून येथें नवी नोंदणी करावी लागते. हा खर्च व ही खटपट किंमतींत मिळविल्यावाचून ती स्वस्त म्हणूं नये.

४. कागद : गाडीचा सातबारा

शेतकरी बंधूंस एका वाक्यांत सांगतों : नोंदणीपुस्तक हा गाडीचा सातबारा होय, आणि मालकी बदलाची नोंद हा तिचा फेरफार. जमीन घेतांना आपण जें पाहतों तेंच येथें पाहावें.

पहिलें, मालक कोण. समोर उभा असलेला मनुष्य व पुस्तकावरील नांव एकच आहे काय? दलालाकडून घेतांना मूळ मालकाची सही व ओळखपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊं नये.

दुसरें, बोजा. कर्ज देणाऱ्या बँकेचें वा कंपनीचें नांव पुस्तकावर असेल तर कर्ज फिटल्याचें पत्र व नमुना ३५ घेऊन तो बोजा आधीं उतरवून घ्यावा. ‘कर्ज फिटलें आहे, नोंद तेवढी राहिली’ हें वाक्य आम्हांसही ऐकविण्यांत आलें होतें.

तिसरें, इंजिन व सांगाडा यांचे क्रमांक. पुस्तकांतील अंक गाडीवर कोरलेल्या अंकांशीं स्वतः ताडून पाहावे. अंक घासलेले वा पुन्हां ठोकलेले दिसले तर तेथूनच परतावें.

चौथें, गाडी पूर्वी भाड्याची होती काय. पिवळी पाटी उतरवून पांढरी लावलेल्या गाड्या बाजारांत येतात. त्या लाखों किलोमीटर चाललेल्या असूं शकतात.

पांचवें, विमा, दंडाच्या थकलेल्या पावत्या, व १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यास नवी सुरक्षा-पाटी बसविली आहे काय. यांपैकीं बरीच माहिती सरकारी ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून पाहतां येते. आपणांस जमत नसेल तर घरांतील शाळकरी मुलास सांगावें. त्यास पांच मिनिटें लागतात.

नांव बदलण्यास नमुना २९ व ३० लागतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० प्रमाणें त्याच राज्यांत विक्री असल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत कळवावयाचें असतें. आपल्या जिल्ह्यांत नगर कचेरीच्या गाड्यांवर एम. एच. १६ व श्रीरामपूरच्या गाड्यांवर एम. एच. १७ असतें, आपला तालुका ज्या कचेरींत मोडतो तेथें अर्ज करावा. विम्यावर आपलें नांव लावण्यासाठीं विमा कंपनीस चौदा दिवसांत लिहावें. पूर्वीच्या मालकाची विम्यांतील सवलत गाडीबरोबर येत नाहीं, ती त्याचीच असते.

ही नोंद विकणाऱ्याच्याही हिताची आहे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, गाडी विकली गेली असली तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक, व अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याजवर येते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी हातोहात सोपविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. फेरफार न नोंदविलेल्या जमिनीनें किती घरें कोर्टांत गेलीं तें आम्हीं कचेरींत पाहिलें आहे; गाडीचें त्याहून निराळें नाहीं.

५. गाडीची पारख

गाडी पाहण्यास सकाळीं जावें, व इंजिन थंड ठेवण्यास आधींच सांगावें. हात लावून पाहावा. गरम लागलें तर विकणाऱ्यानें अडचण लपविण्यासाठीं तें आधीं चालू केलें असें समजावें. थंड इंजिन एक-दोन फिरक्यांत सुरू झालें पाहिजे.

मग धूर पाहावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतें आहे. जोर दिल्यावर सतत दाट काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा तेल सोडणारीं तोटीं बिघडलीं आहेत. पांढरा धूर थंडींत क्षणभर असावा. गाडी तापल्यावरही राहिला तर तेल नीट जळत नाहीं, किंवा पाणी सिलिंडरांत उतरतें आहे.

इंजिन चालू असतां ऑइल भरण्याचें झांकण हलकेंच उघडावें. आंतून जोरानें वाफ फुसफुसत असेल तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत. इंजिन थंड असतांनाच रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय पाहावें. गरम असतां तें झांकण कधींही उघडूं नये, पाणी अंगावर उडतें.

नंतर गाडी स्वतः चालवावी, निदान दहा-पंधरा किलोमीटर, व त्यांत एखादा चढ असावा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाहीं, तर क्लच गेला. वेग घेतांना जोर येत नाहीं व शिटीसारखा मोठा आवाज येतो, तर टर्बो तपासावा; त्याचा खर्च मोठा आहे. कांहीं इंजिनांत आंतील झडपा फिरविण्यास सांखळी असते, कांहींत रबरी पट्टा. पट्टा असेल तर तो केव्हां बदलला याची पावती मागावी. तो चालतांना तुटला तर इंजिन मोडतें.

मीटरवरील किलोमीटर हें पुराव्याचें एक टोक आहे, पुरावा नव्हे. पायपट्ट्यांचें रबर, स्टीअरिंगची झीज व दुरुस्तीच्या पावत्यांवरील तारखेनिशीं किलोमीटर, हीं तिन्ही एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत. चाळीस हजार किलोमीटर दाखविणाऱ्या गाडीचें ब्रेकचें रबर गुळगुळीत झालेलें असूं शकत नाहीं. टायरच्या कडेवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. यावरून टायर मूळचे कीं बदललेले तें कळतें.

पायांखालचे गालिचे उचलून गंज पाहावा. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. त्यावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरांत बुडालेली. २०१९ च्या ऑगस्टांत सांगली-कोल्हापुरास मोठा पूर आला, व अशा बुडालेल्या गाड्या दूर नेऊन विकल्या जाण्याचा धोका प्रत्येक पुरानंतर असतोच.

हें सर्व करूनही आपल्या ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा. आम्हीं दुसऱ्या वेळीं नातलगासाठीं गाडी पाहतांना मेस्त्रीस एक हजार रुपये दिले, व त्यानें दहा मिनिटांत ती गाडी नाकारली. ते हजार रुपये आम्ही बचतीच्या रकान्यांत लिहितों.

६. सौदा व नंतरची निगा

सगळे पैसे एकदम देऊं नयेत. इसार द्यावा तो लेखी पावतीवर व शक्यतों बँकेमार्फत. ताबा घेतांना तारखेबरोबर वेळही लिहावी, म्हणजे त्या दिवशींच्या गुन्ह्याची वा दंडाची जबाबदारी कोणाची हें ठरतें. गाडीच्या किंमतीखेरीज पहिल्या दुरुस्तीसाठीं किंमतीचा दहावा हिस्सा बाजूस ठेवावा. ऑइल, सर्व गाळण्या व ब्रेक हें सर्व घेतल्याबरोबर नवें करावें. पूर्वीच्या मालकाच्या तोंडी हिशेबावर चालूं नये.

शेवटीं एक गोष्ट खास शेतकऱ्यांसाठीं. आपल्या घरीं ट्रॅक्टरसाठीं पिंपांत डिझेल साठविलेलें असतें, व ‘तेंच तेल आहे’ म्हणून तें मोटारींत ओतण्याचा मोह होतो. तसें करूं नये. आजच्या इंजिनांत तेल वातावरणाच्या हजार पटींहून अधिक दाबानें केसाएवढ्या छिद्रांतून सोडलें जातें. पिंपाच्या तळाचें पाणी व माती जुन्या विहिरीवरच्या इंजिनास चालून जाई, या छिद्रांस चालत नाहीं. रॉकेल मिसळणें तर याहून वाईट; डिझेलमधील वंगण कमी होऊन पंप झिजतो, व त्या एका दुरुस्तींत वर्षाची बचत जाते.

आमची गाडी बोजा उतरवून, फेरफार करून, आज आमच्या नांवावर उभी आहे. आठवड्यांतून दोन वेळां पहाटे ती नगरास निघते, आणि त्या चार दिवसांनंतर दवाखान्याची एकही पाळी चुकलेली नाहीं. जुनी मोटार ही चैनीची वस्तु नसून ज्या घराला तिची खरी गरज आहे त्या घराचा ती आधार आहे. पण आधार घेतांना तो पोकळ नाहीं हें ठोकून पाहिलें पाहिजे. वाचकांनीं नोंदणीपुस्तकावरील प्रत्येक ओळ मोठ्यानें वाचावी, व मगच खिशांत हात घालावा. एवढें केलें तरी आमच्या नुकसानीचें कांहीं सार्थक झालें असें आम्ही समजूं.